‘शॉकप गेलेत’ ऐकून पैसे मोजण्याआधी: स्टिअरिंग आणि पुढच्या सस्पेन्शनचा दोष कसा शोधावा

मी चिपळूणला राहतो आणि महिन्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाट चढून कराडला जातो. पावसाळा संपेपर्यंत त्या रस्त्याचं काय होतं ते तिकडून जाणाऱ्यांना सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी माझ्या अकरा वर्षं जुन्या हॅचबॅकच्या पुढच्या डाव्या बाजूने टकटक सुरू झाली. एका गॅरेजात नेली. तिथल्या पोराने डावी बाजू जॅकवर घेतली, चाक दोनदा हलवलं आणि म्हणाला, "शॉकप गेलेत, दोन्ही टाका." दोन शॉकप (म्हणजे धक्के शोषणारे शॉक ॲब्झॉर्बर), वरची माउंटिंग आणि मजुरी मिळून साडेसात हजार झाले. गाडी घेऊन निघालो. गॅरेजच्या गेटातच गटारावरची जाळी आहे, तिच्यावरून चाक गेलं आणि टक टक! तोच आवाज, त्याच जागी.

खरा दोष सापडायला त्यानंतर चार महिने गेले. तेवढ्या काळात जे शिकलो ते इथे नव्याने गाडी घेतलेल्यांसाठी लिहितो आहे. दुरुस्ती स्वतः करा, असा माझा आग्रह नाही. मी स्वतःही बरीच कामं मेकॅनिककडूनच करून घेतो. पण गॅरेजात शिरताना ‘आवाज येतोय’ एवढंच सांगणं वेगळं आणि ‘डावीकडे, एकच चाक खड्ड्यात गेलं की, ब्रेक दाबला तरी येतो’ असं सांगणं वेगळं.

१. आधी समोर काय काय असतं ते ओळखा

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना आणि सेडानना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकी अभियंत्याची ही रचना. शॉकप आणि स्प्रिंग मिळून एकच उभा खांब होतो, त्याचं वरचं टोक बॉनेटखाली बॉडीला आणि खालचं चाकाच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, धरलेलं असतं. वरच्या टोकाला रबरी माउंटिंग आणि एक बेअरिंग असतं, कारण स्टिअरिंग वळवलं की हा अख्खा खांबच फिरतो.

खालून चाकाला धरून ठेवतो तो लोअर आर्म. बॉडीच्या बाजूला त्याला दोन रबरी बुश (जोडातले नळीसारखे रबरी तुकडे) असतात आणि चाकाच्या बाजूला बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत फिरणारा गोळ्याचा जोड. स्टिअरिंगचा दांडा खाली रॅकपर्यंत जातो; रॅक म्हणजे डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारी दातेरी पट्टी. रॅकच्या दोन्ही टोकांना रबरी घडीच्या बुटाच्या आत रॅक एंड असतात आणि त्यांच्या पुढे, टाय रॉड नावाच्या दांड्याच्या टोकाला चाकाजवळ, टाय रॉड एंड; दोन्हीही गोळ्याचेच जोड. शेवटचा भाग म्हणजे स्टॅबिलायझर बार. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी ही वाकवलेली सळई वळणावर गाडी एका बाजूला फार कलू देत नाही. तिची टोकं बहुतेक गाड्यांत लिंक रॉड नावाच्या वीतभर दांड्यांनी स्ट्रटला किंवा आर्मला जोडलेली असतात.

एवढी नावं पाठ झाली की पुरे. बोलेरो-सुमोसारख्या जुन्या धाटणीच्या गाड्यांत रचना वेगळी असते, त्याबद्दल पुढे एक ओळ येईलच.

२. काय काय जवळ हवं

गाडीचं मॅन्युअल आणि जुनी बिलं. मागच्या अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन मोजून जुळवल्याचा, छापील कागद असेल तर उत्तमच. हवेचा स्वतःचा गेज, कारण पेट्रोल पंपावरच्या यंत्राचं काही खरं नसतं. गाडीसोबत आलेला जॅक आणि पाना. त्याखेरीज एक जॅक स्टँड, चाकामागे लावायला लाकडी ठोकळे, चांगली बॅटरी (टॉर्च), एक लांब टॉमी (लोखंडी पहार), हातमोजे आणि खडू. आणि एक माणूस. माझा भाचा अकरावीत आहे, स्टिअरिंगवर बसून ‘हलव’ म्हटलं की हलवतो आणि ‘थांब’ म्हटलं की मोबाइल काढतो. तेवढं पुरतं.

एक गोष्ट ठासून सांगतो. गाडीसोबतचा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं सोडाच, हातसुद्धा घालू नका. आमच्याकडे अंगण मातीचं असतं, पावसात जॅक सरळ आत रुततो. खाली जाड फळी घ्या किंवा शेजाऱ्याच्या सिमेंटच्या ओट्यावर गाडी न्या.

३. लक्षण लिहून काढा

हा टप्पा सगळे गाळतात आणि सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते इथेच. आठवडाभर गाडी चालवा आणि प्रत्येक वेळी या प्रश्नांची उत्तरं टिपून ठेवा.

आवाज की थरथर, की गाडी एका बाजूला ओढते? कोणत्या वेगाला? सरळ जाताना की वळताना, आणि वळताना कोणत्या बाजूला? ब्रेक दाबल्यावर येतो की जातो? दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढली तर येतो, की एकच चाक खड्ड्यात गेलं तर? धक्का हाताला स्टिअरिंगमध्ये जाणवतो, पायाखाली फरशीत जाणवतो, की समोर बॉनेटच्या कोपऱ्यातून येतो?

हातात येणारी टकटक बहुधा टाय रॉड एंड, रॅक एंड, रॅक किंवा स्टिअरिंगच्या दांड्यातली असते. पायाखालची लोअर आर्म किंवा लिंक रॉडची. बॉनेटच्या कोपऱ्यातली वरच्या माउंटिंगची. हा नियम शंभर टक्के चालत नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

रिकाम्या गल्लीत, कंपाउंडच्या भिंतीला लागून, काचा उघड्या ठेवून पंधरा-वीसच्या वेगाने गाडी न्या. भिंत आवाज परत फेकते आणि बाजू नक्की होते. त्याआधी डिकी रिकामी करा. स्टेपनीचा ढिला बोल्ट आणि नीट न बसवलेला जॅक यांनी भल्याभल्यांना फसवलं आहे.

४. टायरपासून सुरुवात

स्टिअरिंगच्या निम्म्या तक्रारी टायरमध्येच मिटतात, असं माझं मत झालं आहे. गाडी थंड असताना हवा मोजा आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहा. दोन्ही पुढच्या टायरांत तीन-चार पीएसआयचा फरक असला तरी गाडी कमी हवेच्या बाजूला ओढू शकते. हवा कमी असली की स्टिअरिंगही जड लागतं.

मग टायरवर तळहात फिरवा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवली जाते, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त. एकच कड झिजली असेल तर टो (वरून पाहता चाकांची समांतरता) किंवा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) बिघडला आहे. तळहात आतून बाहेर नेताना गुळगुळीत आणि बाहेरून आत नेताना करवतीसारखं लागलं, तर तो टोचा दोष. चाकं समांतर न चालता थोडी घासत चालली आहेत, असा त्याचा अर्थ. जागोजागी वाटीसारखे खळगे असतील तर मात्र शॉकप किंवा बॅलन्सिंगवर (चाकाचं वजन सगळीकडे सारखं असण्यावर) संशय घ्या. खोबणीची खोली १.६ मिमीच्या खाली गेली असेल तर बाकी तपासणी थांबवा आणि आधी टायर बदला. बाजूच्या भिंतीवर फुगवटा दिसला तरी तेच.

टायरचं वयही बघा. बाजूला चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. टायर जुना झाला की खोबणी शिल्लक असूनही रबर कडक होतं आणि प्रत्येक बारीक खडा आत ऐकू येतो.

गाडी ओढत असेल तर पुढची दोन चाकं आपसात बदलून पाहा. ओढणं बाजू बदललं तर दोष टायरचा, तसंच राहिलं तर गाडीचा. बाणाची खूण असलेले एकाच दिशेचे टायर असतील तर हा प्रयोग करू नका. आणखी एक, आपण डावीकडून चालतो आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो. त्यामुळे गाडी थोडीशी डावीकडे जाणं स्वाभाविक आहे. परीक्षा सपाट जागी घ्या.

५. गाडी जमिनीवर असतानाच करायची तपासणी

माझे साडेसात हजार बुडाले ते याच टप्प्यावर, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

चार महिन्यांनी कुणीतरी सांगितलं म्हणून मी गुहागर रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्याकडे लिफ्ट नाही, जांभ्या दगडात बांधलेला पिट आहे. गाडी पिटावर घेतली आणि चाचा खाली उतरले. मी जॅक काढायला लागलो तर म्हणाले, "जॅक ठेवा तो. गाडी उचलली की आवाज लपतो." मग म्हणाले, "आत बसा, आणि स्टिअरिंग थोडं थोडं हलवा. इकडं तिकडं, एवढंच."

मी हलवत होतो आणि ते खालून एकेका जोडावर बोटं ठेवत होते. टाय रॉड एंडवर ठेवली, नाही. रॅकच्या बुटावर ठेवली, नाही. मग लिंक रॉड मुठीत धरून झटका दिला. टक. पुन्हा दिला. टक. "खाली या," म्हणाले. गेलो. माझा हात धरून त्यांनी लिंक रॉडच्या वरच्या गोळ्यावर ठेवला. अंगठ्याखाली दाण्याएवढी पोकळी लागत होती.

पहिल्या गॅरेजात ती का सापडली नाही? एकच बाजू उचलली की एक चाक खाली लोंबतं आणि दुसरं जमिनीवर राहतं. स्टॅबिलायझर बार पिळला जातो आणि लिंक रॉड ताणून धरतो. ताणलेल्या जोडात पोकळी लागत नाही. दोन्ही चाकं सारख्या उंचीवर असली की बार सैल पडतो आणि लिंक हाताने हलते. रस्त्यावरही तसंच होतं. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम चढली की बार पिळला जात नाही, आवाज नाही. एक चाक खड्ड्यात गेलं की टक. माझ्या गाडीचं तंतोतंत असंच होतं, फक्त ते टिपून ठेवावं हे मला सुचलं नव्हतं.

तर जमिनीवरच्या तपासणीचा क्रम असा.

पहिलं, स्टिअरिंगची मोकळीक. चाकं सरळ, इंजिन चालू. एका बोटाने स्टिअरिंग हळू फिरवा, बाहेरच्या माणसाने चाकाकडे बघायचं. चाक हलायला लागेपर्यंत स्टिअरिंगच्या कडेवर किती अंतर गेलं ते खडूने खुणा करून मोजा. बऱ्याच छोट्या गाड्यांत ३० मिमीपर्यंत चालतं, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

दुसरं, चाचांची पद्धत. इंजिन बंद, चावी लावून स्टिअरिंगचं लॉक सोडलेलं. आतल्या माणसाने झटके दिल्यासारखं स्टिअरिंग थोडं थोडं हलवायचं आणि तुम्ही जोडांवर बोटं ठेवायची. बोटं अशी ठेवा की जोडाच्या दोन्ही बाजूंना एकदम लागतील. चांगला जोड एकसंध हलतो, गेलेल्यात एक बाजू आधी हलते आणि दुसरी मागून येते. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये बोट कधीही घालायचं नाही.

तिसरं, बॉनेट उघडून स्ट्रटच्या वरच्या टोकावर तळहात ठेवा आणि इंजिन चालू करून आतल्या माणसाला स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा. हाताला अडखळून झटका लागला किंवा स्प्रिंग ‘टण्ण’ करून सुटली, तर वरचं बेअरिंग गेलं आहे. यातच बरेच जण फसतात, कारण तो आवाज ऐकून मेकॅनिक रॅक काढायला निघतात.

चौथं, बॉनेटचा कोपरा दाबून सोडायची प्रसिद्ध परीक्षा. सोडल्यावर गाडी तीन-चारदा डुलत राहिली तर शॉकप नक्की गेला. पण एकदाच वर येऊन थांबली म्हणजे शॉकप चांगलाच आहे, असं मात्र म्हणता येत नाही. शॉकपवर तेलाचा ओलसर थर आणि त्याला चिकटलेली धूळ दिसली तर घाबरू नका. ओघळ येऊन खाली ठिपकत असेल तर बदलायचा.

६. आता एक चाक उचला

मागच्या चाकांना पुढूनमागून ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा. चाक हाताने फिरवायची वेळ आली की गिअर काढा, ठोकळे मात्र राहू द्या. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावा, लगेच स्टँड द्या आणि गाडीला हलका धक्का देऊन ती पक्की बसल्याची खात्री करा. एका वेळी एकच चाक उचलायचं. जमिनीवरचं दुसरं चाक रॅक धरून ठेवतं. दोन्ही उचलली तर तुम्ही इकडून हलवलं की तिकडचं चाकही हलतं आणि काही कळत नाही.

घड्याळाच्या ९ आणि ३ वर हात ठेवून चाक ढकला-ओढा. टकटक लागली तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. दोघांतला कोणता ते बघायला दुसऱ्या माणसाने चाक हलवायचं आणि तुम्ही टाय रॉड एंडवर बोट ठेवायचं. तिथे काही नसेल तर रॅकचा रबरी बूट दाबून आतला गोळा चाचपा. बूट फाटला असेल तर आत पाणी-चिखल गेलाच असं समजा.

मग १२ आणि ६ वर हात ठेवा. इथे पोकळी लागली तर संशयित तीन: हबचं बेअरिंग, खालचा बॉल जॉइंट, वरचं माउंटिंग. यावर एक झकास युक्ती आहे. आतल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. पोकळी गेली तर बेअरिंग, कारण ब्रेकने डिस्क आणि हब जखडले गेले. राहिली तर बॉल जॉइंट किंवा माउंटिंग. बॉल जॉइंटसाठी आर्म आणि हबच्या मध्ये टॉमी घालून हलकेच उचला, डोळ्यांनी फट दिसते.

बोलेरोसारख्या, वर आणि खाली असे दोन आर्म असलेल्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असते. तिथे चेसिस उचलून चाक लोंबतं ठेवलं तर स्प्रिंगच्या जोराने बॉल जॉइंट आवळलेला राहतो आणि पोकळी लपते. अशा गाडीला जॅक खालच्या आर्मखाली द्यायचा. पहिल्यांदा करत असाल तर हे मेकॅनिकसमोरच करा.

पुढे लोअर आर्मचे बुश. रबरावर वरवर बारीक चिरा असतात, त्या सोडून द्या. टॉमीने आर्म पुढेमागे रेटला आणि रबर धातूपासून सुटलेलं दिसलं तर तो गेला. ब्रेक लावताना आणि सोडताना पायाखाली ‘धप्प’ असा एकच आवाज येतो, तो बहुधा आर्मच्या दोन बुशांपैकी मागच्याचा. इंजिनच्या माउंटिंगचाही असाच येतो, म्हणून तेही बघून घ्या.

चाक हाताने फिरवा आणि दुसरा हात स्प्रिंगवर हलका टेकवा. बेअरिंग गेलं असेल तर स्प्रिंगमधून खरखर हाताला येते, ती कानापेक्षा हाताला आधी कळते. जाता जाता ॲक्सलचा, म्हणजे इंजिनचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, रबरी बूटही बघा. फाटला असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे असतात.

७. रस्त्यावरची परीक्षा

ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरतं आणि वेग आणखी वाढवला की थांबतं: बॅलन्सिंग. फक्त ब्रेक लावल्यावर थरथरतं: ब्रेक डिस्क. ब्रेकलाच एका बाजूला ओढते: अडकलेला कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) किंवा लोअर आर्मचा बुश. थोडं चालवून उतरल्यावर एका रिमजवळून धग येत असेल तर कॅलिपरच. रिमला हात लावू नका, भाजतो.

पूर्ण वळवून पुढे जाताना ‘कट कट कट’ येते ती ॲक्सलच्या बाहेरच्या जॉइंटची. वेग घेताना थरथर आणि ॲक्सिलरेटर सोडला की बंद, तर आतल्या जॉइंटची. वेगाबरोबर चढत जाणारी ‘घूंऽऽ’ बेअरिंगची असते. ती उजव्या वळणावर वाढली तर डावं बेअरिंग, कारण वजन डाव्या चाकावर जातं. डाव्या वळणावर वाढली तर उजवं. खळगे पडलेला टायरही असाच घुमतो, फक्त वळणाने त्याचा आवाज फारसा बदलत नाही.

खराब रस्त्यावरची खडखड ब्रेकवर नुसता पाय टेकवल्यावर थांबत असेल तर सस्पेन्शनला हात लावू नका. कॅलिपरच्या पिना किंवा ब्रेक पॅड ढिले आहेत. हे काम थोडक्यात होतं.

वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नसेल तर हवा, वरचं बेअरिंग, आखडलेला बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगच्या दांड्यातला युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळूनही फिरणारा जोड), या क्रमाने बघा. कोकणात हा शेवटचा गंजून आखडतो. स्टिअरिंग फिरवताना एका ठरावीक जागी जड, मग हलकं, पुन्हा जड असं लागलं तर आधी त्याच्याकडे बघा.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा दिवा लागला आणि स्टिअरिंग एकदम जड झालं, तर मोटार बदलण्याआधी बॅटरी, तिचे टर्मिनल आणि फ्यूज तपासा. व्होल्टेज पडलं की ही यंत्रणा आधी हात वर करते. मग स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. तेलावर चालणारं पॉवर स्टिअरिंग असेल तर तेलाची पातळी आणि बेल्ट बघा, आणि स्टिअरिंग पूर्ण टोकाला नेऊन दाबून धरायची सवय सोडा.

८. या अवस्थेत गाडी चालवायची नाही

बॉल जॉइंटला किंवा टाय रॉड एंडला स्पष्ट पोकळी, तुटलेली स्प्रिंग, टायरला फुगवटा, मध्येच अडकणारं स्टिअरिंग. यातलं काहीही सापडलं तर ‘गॅरेजपर्यंत हळू जाऊ’ हा विचार डोक्यातून काढा आणि टोइंगवाल्याला बोलवा. बॉल जॉइंट सुटला की चाक बाहेर फाकतं आणि गाडी तिथेच बसते. घाटात काय होईल ते मी लिहीत नाही. लिंक रॉडची टकटक घेऊन मात्र चार दिवस सांभाळून चालवता येते, मी चार महिने चालवली.

९. काम करून घेताना कुठे लक्ष ठेवायचं

शॉकप जोडीनेच बदलतात, त्यात फसवणूक नाही. सोबत वरचं माउंटिंग, बंप स्टॉप (शॉकप पूर्ण दबू न देणारा रबरी तुकडा) आणि धुळीचा बूट यांची अवस्था बघा, कारण मजुरी एकदाच द्यायची असते. स्ट्रटची स्प्रिंग काढायचं काम घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. गॅरेजातही ती स्प्रिंग कॉम्प्रेसर लावूनच काढताहेत ना, ते बघा.

लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. बरेच जण चाक लोंबत असतानाच आवळून टाकतात. मग गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश वर्षाच्या आत फाटतो. हे एक वाक्य मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा. थोडा चिडेल, पण करेल.

टाय रॉड एंड बदलताना जुना किती आटे फिरवून निघाला ते मोजून नवा तेवढेच आटे फिरवून बसवायचा, म्हणजे अलाइनमेंटवाल्यापर्यंत गाडी सरळ जाते. नटाला स्प्लिट पिन असेल तर ती नवीच घालायची.

१०. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी

जोडांत पोकळी असताना केलेली अलाइनमेंट म्हणजे हलत्या तराजूवर केलेलं वजन. आधी दुरुस्ती, मग अलाइनमेंट. करताना आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा. मॅकफर्सनच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा टो तेवढाच जुळवता येतो, कॅम्बर आणि कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) नुसते वाचायचे. पण वाचा. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अंशभराचा फरक दिसला तर काहीतरी वाकलं आहे आणि टो जुळवून ते झाकलं जाणार नाही.

गाडी सरळ जाताना स्टिअरिंग तिरकं राहिलं तर काही जण स्टिअरिंग व्हील उपसून सरळ बसवून देतात. करू देऊ नका. त्यात एअरबॅगची वायरिंग असते, शिवाय मूळ दोष तसाच राहतो. दोन्ही टाय रॉड सारखे फिरवूनच स्टिअरिंग मध्यावर आणायचं.

११. जुने भाग मागून घ्या

काम झाल्यावर काढलेले भाग डिकीत टाकायला सांगा. बिलावर किलोमीटरचा आकडा लिहून घ्या आणि पाचशे किलोमीटरनंतर नट-बोल्ट एकदा तपासून घ्या.

चाचांनी लिंक रॉडची जोडी टाकली, मजुरीसकट नऊशे घेतले आणि जुनी जोडी कागदात गुंडाळून दिली. आवाज गेला. पहिल्या गॅरेजातून मी माझे जुने शॉकपही आणले होते, ते पडवीत होते. एकाचा दांडा चाचांच्या सांगण्यावरून दाबून पाहिला. जोर लावावा लागला, आणि सोडल्यावर तो सावकाश, एकसारखा, कुठेही न अडखळता बाहेर आला. दुसऱ्याचंही तसंच. दोन्ही शॉकप ठणठणीत होते. अजून तिथेच आहेत.